गिरजाअक्का, दोरा तुम्ही विसरला नव्हतात

गिरजाअक्का,

तुम्हाला जाऊन आज तेरा दिवस झाले. शाळेच्या स्वयंपाकखोलीची किल्ली माझ्या टेबलाच्या खणात पडून आहे. दुपारी बाराच्या सुमाराला मी सवयीने मान वर करून दाराकडे बघतो, कारण त्या वेळेला तुम्ही पदराला हात पुसत तिथे उभ्या असायचात. "मास्तर, भात व्हयी गया, पोरेसले हात धोवाले लावा." समितीने तात्पुरती दुसरी बाई लावून दिली आहे. चांगली आहे बिचारी, भातही मोकळा करते. पण ती दाराशी येत नाही, पोरांच्याच तोंडी निरोप धाडते, आणि मला उगाचच तिचा राग येतो.

शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष भटूआबा परवा-तेरवा म्हणाले, "सर, अक्कावर चार वळी लिखा, शाळाना फळावर लावूत." म्हणून लिहायला बसलो. तुमचा जन्म कधीचा, माहेर कुठलं, या शाळेत खिचडी शिजवायला कधी लागलात, हे सगळं विचारून आणता आलं असतं. पण हात चालेना. गावात तुमचं नाव निघालं की लोक भरभरून बोलायचे आणि शेवटी हळूच म्हणायचे, "एक डाव चुकनी बिचारी." ती एक चूक तुमची नव्हती, अक्का. माझी होती. तुम्हाला ते ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि दोन वर्षं तिसऱ्या कुणालाही ठाऊक नव्हतं. ते न लिहिता बाकी काहीही लिहिलं असतं तरी ते खोटंच झालं असतं.

मी जळगावहून बदलून इकडे आलो, तेव्हा तुम्ही मला पहिल्याच दिवशी तोलून पाहिलंत. "जळगावना मानूस. भरीत खाता येस का फक्त नावच सांगतस?" सोनगीरच्या अलीकडे हायवेला लागून असलेलं हे गाव, दोन शिक्षकांची शाळा, आणि मी शहरात वाढलेला, इस्त्रीचा शर्ट घालणारा. मला सगळं नोंदवहीत हवं असायचं. तुम्हाला नोंदवही वाचता येत नव्हती, पण कुठल्या पोराच्या घरी आज चूल पेटलेली नाही हे तुम्ही त्याच्या तोंडाकडे बघून सांगायचात आणि त्याच्या ताटात एक डाव जास्त वाढायचात.

आणि तुमचे ते दोरे. तांदळाच्या पोत्याचं तोंड उसवलं की जो दोरा निघतो तो तुम्ही फेकायचा नाहीत. काही तसाच पांढरा ठेवायचात, काही हळदीत, काही कुंकवाच्या पाण्यात बुडवून वाळत घालायचात. शाळेचा काही निरोप असला की शाळा सुटताना प्रत्येक पोराच्या मनगटावर एकेक दोरा. पांढरा म्हणजे आईला शाळेत बोलावलंय. पिवळा म्हणजे उद्या डॉक्टर तपासायला येणार, पोर घरी ठेवू नका. लाल म्हणजे उद्या शाळा लवकर सुटणार, घराला कुलूप घालून जाऊ नका, कुणीतरी घरी थांबा. कापूस वेचून आलेली आई संध्याकाळी पोराचे हातपाय धुताना मनगट बघायची आणि तिला सगळं कळायचं. दोरा नसला तर उद्या रोजच्यासारखं, बिनघोर कामाला जायचं. गावातल्या प्रत्येक आईला हे पाठ होतं.

मला मात्र त्याची लाज वाटायची. आता कबूल करायला काय हरकत आहे? एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी पहिलीच्या पोराचा हात वर धरला आणि मला सगळ्यांदेखत विचारलं, "शाळेत हे गंडेदोरे कसले, सर?" तुम्ही तव्यावरची भाकर उतरवावी तितक्या सहज पुढे आलात आणि म्हणालात, "साहेब, हाई आमनी चिठ्ठी शे. मायले वाचता येस तशी लिखेल." साहेब हसले. पण जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, जमाना कुठे चाललाय, बंद करा हे. ते हसणं माझ्या मनात रुतून बसलं.

मग मी मोबाइलवर ग्रुप काढला. शाळा परिवार. घरटी एक नंबर. तुमची माझी पहिली खडाजंगी त्यावरूनच झाली. मी म्हटलं, अक्का, आता बोट लावलं की साऱ्या गावाला निरोप पोचतो. तुम्ही वाटाणे निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, "निरोप फोनवर जास मास्तर, पन माय वावरमा ऱ्हास." मी म्हटलं, फोन तर घरोघरी आहेत. तुम्ही म्हणालात, "शेतस ना. बापना खिसामा. आनि बाप सुरतले." मी चिडलो. तुम्हाला नवीन काही नकोच असतं, असं काहीतरी बोललो. तुम्ही तुमच्या ठेक्यात हसून म्हणालात, "तुमना फोनले पाय शेतस का? मना पोरेसले शेतस."

मला ते हसणं झोंबलं. ग्रुप जोरात चालू होता. झाडं लावतानाचे फोटो, पाढे म्हणतानाचे फोटो. सुरतहून अंगठा यायचा, इंदूरकडे गाडी घेऊन गेलेल्या ड्रायव्हरचा अंगठा यायचा. मी संध्याकाळी ते अंगठे मोजत बसायचो आणि वाटायचं, पालक किती जोडले गेलेत शाळेशी.

तो दिवस मी आजवर कागदावर उतरवला नाही. दुपारी आदेश आला, उद्या आम्हा दोघाही शिक्षकांना धुळ्याला प्रशिक्षणाला जायचं आहे, पोरं साडेदहाला सोडा. कापसाची वेचणी ऐन भरात होती. तुम्ही न सांगताच लाल दोऱ्याचं बंडल काढून बसलात. मी म्हटलं, "राहू द्या अक्का, ग्रुपवर टाकलंय. उद्या तिथे तेच साहेब असणार, पुन्हा दोऱ्यांचा विषय नको." तुम्ही म्हणालात, "मास्तर, वेचनीना दिन शेतस. आज बांधू द्या. उद्यापासून नका बांधू देऊ." मी म्हटलं, "मी मुख्याध्यापक आहे ना? मी सांगतोय." हेच शब्द होते, अक्का. एकही मी विसरलेलो नाही. तुम्ही दोरा पुन्हा काडेपेटीला गुंडाळलात आणि पोरं कोऱ्या मनगटांनी घरी गेली.

कोरं मनगट हाही निरोपच असतो, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. साऱ्या आयांनी तो वाचला. उद्या काही नाही, शाळा रोजच्यासारखी.

दुसरीतली जागृती साडेदहाला सुटून घरी गेली. दाराला कुलूप. तिची आई रत्ना हायवेपलीकडच्या वावरात वेचणीला गेलेली. पोर आईला शोधत निघाली आणि रस्ता ओलांडताना मोटरसायकलची धडक बसली. तिच्या बापाने सुरतहून माझ्या निरोपाला आदल्या संध्याकाळीच अंगठा पाठवला होता. बायको गावात आहे, तिला कळलंच असेल, असं त्याला वाटलं. मला फोन आला तेव्हा मी प्रशिक्षणाच्या वर्गात बसलो होतो, आणि विषय होता पालकांचा सहभाग.

पोर वाचली. पाय दोन ठिकाणी मोडला. आजही ती डावा पाय ओढत चालते, हे मी तुम्हाला कशाला सांगू? तिची चाल तुम्हीच रोज भरल्या डोळ्यांनी बघत होतात.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात सारा गाव जमला. माझ्याकडे कुणी बोटही दाखवलं नाही. सरांनी तर फोनवर टाकलं होतं, असं जो तो म्हणत होता. सगळ्यांचे डोळे तुमच्याकडे. रत्ना पुढे येऊन म्हणाली, "अक्का, तुन्ही लाल दोरा का बरं नही बांधा? बांधा व्हता ते मी वावरमा गऊच नसतू." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. एकदाच. त्या नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मग रत्नाकडे वळून म्हणालात, "मी इसरी गऊ, माय."

माझं तोंड उघडलेलं होतं. शब्द ओठावर होते, हे मी शपथेवर सांगतो, पण त्याचा उपयोग काय? लोक चिडलेत, जरा शांत होऊ देत, मग सांगू, असं मी मनाशी म्हटलं. बदली होईल, चौकशी लागेल, हेही मनात आलं. खरं सांगायचं तर तेच आधी आलं. लोक शांत झाले, घरोघर गेले, आणि मी वर्ग उघडला.

त्या दुपारी मी स्वयंपाकखोलीत आलो. "अक्का, असं का सांगितलंत?" तुम्ही म्हणालात, "सरका, वरण उतू जाई." पुष्कळ दिवसांनी, मी पुन्हा तोच विषय काढला तेव्हा, पातेलं घासता घासता म्हणालात, "मास्तरवरथीन भरोसा उठना, ते पोरे घर बठतीन. मना काय? खिचडी ते बठ्ठा खातस." खिचडी सगळेच खातात हे खरं नव्हतं आणि ते आपल्या दोघांनाही दिसत होतं. जागृती शाळेत यायला लागली तेव्हापासून ती घरून डबा आणायची. रत्नाने तिला बजावलं होतं, अक्काच्या हातचं खायचं नाही. पंगतीच्या टोकाला बसून ती पोर कोरडी भाकर मोडायची आणि तुम्ही वाढत वाढत तिच्यापर्यंत यायचात, क्षणभर थांबायचात, आणि डाव तसाच घेऊन परत फिरायचात. मी ते रोज बघत होतो. दोन वर्षं, अक्का. एवढं मी कसं बघू शकलो, याचं मला आज नवल वाटतं आणि किळसही येते.

तुम्ही मात्र शिक्षा भोगायची ठरवल्यासारख्या वागलात. खिचडीची भांडी आवरली की रोज पोरांच्या पुढे चालत हायवेपर्यंत जायचात आणि एक हात पसरून उभ्या राहायचात. मोठमोठे ट्रक तुमच्यासाठी हळू व्हायचे. पाऊस असो, ऊन असो. लोक म्हणायचे, चूक केली पण निस्तरतेय. ते ऐकून मी मान खाली घालायचो आणि तेवढ्यावर मला भागल्यासारखं वाटायचं.

पण त्या दोन वर्षांनी मला माणूस केलं, हेही लिहिलंच पाहिजे. तुम्ही दोरे पुन्हा सुरू केलेत आणि या खेपेला मी पोतं उसवायला बसलो. साहेबांना काय सांगायचं ते मी सांगेन, असं मी म्हटलं, तेव्हा तुम्ही पहिल्यांदा मला चहा दिलात. ग्रुपवरचे बापांचे नंबर काढून जिथे शक्य आहे तिथे आयांचे घातले. दर शनिवारी दुपारनंतर आपण दोघं घरोघर फिरायला लागलो. "माय शाळामा येत नही म्हनीसन तिले परवा नही, अशे नही," असं तुम्ही म्हणायचात, "शाळानी एक डाव तिना घर जावो." ओट्यावर बसायचं, कळण्याची भाकरी खायची, आणि पोराचं कौतुक आधी करायचं, तक्रार मागून. कुठल्या घरात बाप पिऊन येतो, कुठल्या पोरीला कुणाच्या घरी पाठवायचं नाही, हे तुम्ही मला वाटेत हळू आवाजात सांगायचात. ते मी कुठल्याही नोंदवहीत लिहिलं नाही. लिहायचं नसतं, हेही तुमच्याकडूनच शिकलो.

तो मोटरसायकलवाला आठवतो का? तिसरीतल्या पोरीला न्यायला आला होता. मी तिचा मामा, तिची आई आजारी आहे, असं म्हणाला. मी दप्तर भरायला सांगणारच होतो. तुम्ही हात पुसत मध्ये आलात. "मामा शेतस का? मंग हिनं घरनं नाव काय शे, सांगा." हजेरीतलं नाव तर कुणालाही ठाऊक असतं. घरात तिला कशी हाक मारतात, ते त्याला सांगता येईना. त्याने मोटरसायकलला किक मारली आणि जो गेला तो पुन्हा दिसला नाही. तेव्हापासून आपल्या शाळेचा तोच कायदा आहे. घरचं नाव सांगेल त्याच्याच हातात पोर. मी तो भिंतीवर लिहून घेतला नाही, कारण तुम्ही म्हणालात, लिहिलं की चोरालाही वाचता येतं.

तुमचं आजारपण आम्हाला उशिरा कळलं. छातीत जळजळ होते म्हणून तुम्ही ओवा चावत होतात, आणि एका सोमवारी आलाच नाहीत. मुलगा तुम्हाला धुळ्याला आपल्या घरी घेऊन गेला. मी भेटायला आलो तेव्हा तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात, एवढ्याशा झालेल्या. मी ठरवून आलो होतो की आज माफी मागायची. सून आतबाहेर करत होती. मी रजेचं बोललो, पावसाचं बोललो, तांदूळ आलाय म्हणालो. तुम्ही ऐकून घेतलंत आणि मध्येच विचारलंत, "मास्तर, जागृती आते खिचडी खास का?"

मी म्हणालो, "हो अक्का, खाते."

तुमचा चेहरा सैल झाला. तुम्ही डोळे मिटलेत आणि म्हणालात, "मंग बरं." मी निघालो. अक्का, ती खात नव्हती. त्याही दिवशी तिच्या दप्तरात डबा होता. तुमच्याशी मी शेवटचं जे बोललो ते खोटं होतं. ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून होतं की मला, याचा विचार मी तेरा दिवस करतो आहे. मला माफ करा. हे तोंडावर म्हणायला दोन वर्षं होती, रोज बारा वाजता तुम्ही माझ्या दारात येत होतात.

परवा संध्याकाळी मारुतीच्या पारावर पालकसभा घेतली. तुम्हाला श्रद्धांजली, असं भटूआबांनी सांगितलं होतं. सकाळी शाळेत बोलावली तर बायका येत नाहीत, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. वावरातून आलेल्या बायका हातपाय धुऊन, डोक्यावर पदर घेऊन आल्या. इतक्या बायका मी कुठल्याच सभेला पाहिल्या नव्हत्या. आबा बोलले. त्यांचंही शेवटी तेच, एक डाव चुकनी, पन निस्तारं तिनी.

मी उभा राहिलो आणि सांगितलं. दोरा त्या काढून बसल्या होत्या, मी थांबवलं. मुख्याध्यापक आहे म्हणून थांबवलं. त्या विसरल्या नव्हत्या. सगळे समोर उभे असताना मी गप्प राहिलो आणि दोन वर्षं गप्पच होतो. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

भटूआबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि एवढंच म्हणाले, "दोन वरीस, मास्तर?" मागे कुणी म्हातारी रडायला लागली. मी रत्नाकडे बघत होतो. ती कडेला बसली होती, शेजारी जागृती, तिचा डावा पाय सरळ पसरलेला. मला वाटत होतं, आता ही उठेल, मला नाही नाही ते बोलेल, अंगावर धावून येईल. तिने बोलावं, असं मला वाटत होतं. तिने बोलून टाकलं असतं तर मी मोकळा झालो असतो.

रत्ना उठली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज अगदी हळू. "सर, मी तिनी शेजारीन शे. भितले भीत. दोन वरीस मी तिना हातनं पानी पिधं नही. संकरातले तिनी तीळगूळ आना, मी दार लाई लिधं. तिना मयतले बी मी गऊ नही."

मी म्हणालो, "ताई, चूक माझी आहे. तुमची नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी नव्हतं.

"तुमनी चूक तुम्ही माले सांगी टाकी," ती म्हणाली. "मनी मी आते कोनले सांगू?"

मग तिने जागृतीचा हात धरून तिला उठवलं. दोघी तुमच्या बंद दारावरून सावकाश घरी गेल्या.